वाचकाने कोणते पुस्तक नेले, हे सरकारला सांगावे का? (कनेटिकटच्या चार ग्रंथपालांच्या निमित्ताने)

पुस्तकपत्र :

मंडळी, अमेरिकेच्या ईशान्येकडील एका लहान गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात मी गेली अकरा वर्षे देवघेवीच्या टेबलावर बसते आहे. पुस्तके कशी लावायची हे मला नंतर शिकवले गेले. पहिल्याच आठवड्यात मिळाली ती एक सूचना. पोलीस किंवा कोणी सरकारी अधिकारी एखाद्या सभासदाविषयी विचारू लागला, तर हो म्हणायचे नाही, नाही म्हणायचे नाही, संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवायचा नाही. 'आपण बसा, मी संचालकांना बोलावते' एवढेच बोलायचे. मला तेव्हा नवल वाटले होते, कारण मी ज्या तालुक्याच्या गावी वाढले तिथल्या वाचनालयातले काका आमच्या आईने कोणती कादंबरी नेली आहे आणि ती किती दिवस झाले तरी परत आलेली नाही, हे रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला सांगत असत, आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटत नसे.

या सूचनेला जुना इतिहास आहे. अमेरिकन ग्रंथालय संघाने १९३९ मध्ये स्वीकारलेल्या आचारसंहितेत वाचकाविषयी कळलेली खासगी माहिती गोपनीय राखणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. १९७० मध्ये केंद्रीय महसूल खात्याचे अधिकारी मिलवॉकीच्या सार्वजनिक ग्रंथालयात स्फोटकांवरची पुस्तके कोणी नेली हे विचारत आले. १९८७ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या गणित व विज्ञान ग्रंथालयात एफबीआयचे लोक परदेशी वाचकांची चौकशी करताना आढळले आणि अशी विचारपूस ग्रंथालयांतून बरीच वर्षे चालू होती, हे तेव्हा कुठे बाहेर आले. आज ४८ राज्यांत आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये ग्रंथालयाच्या नोंदींना संरक्षण देणारे कायदे आहेत. कनेटिकट हे त्यांपैकीच एक राज्य, आणि ज्या घटनेबद्दल हा धागा काढला आहे ती तिथलीच आहे.

त्या राज्यातल्या विंडसर गावी 'लायब्ररी कनेक्शन' नावाची एक ना-नफा संस्था आजूबाजूच्या दोन डझनांहून अधिक ग्रंथालयांची सामाईक संगणकप्रणाली चालवत असे. सभासदांची नावे, कोणाकडे कोणते पुस्तक आहे, ग्रंथालयांतले संगणक इंटरनेटला कोणत्या पत्त्याने जोडले आहेत, हे सारे तिच्याकडे होते. जुलै २००५ मध्ये एफबीआयचे दोन अधिकारी तिथे एक पत्र घेऊन आले. १५ फेब्रुवारी २००५ रोजी दुपारी ४ ते ४.४५ या पाऊण तासात एक विशिष्ट आयपी पत्ता कोण वापरत होते, त्यासंबंधीची सर्व माहिती द्या, अशी त्यात मागणी होती. हे 'राष्ट्रीय सुरक्षा पत्र'. त्यावर न्यायाधीशाची सही नसते. एफबीआयच्याच अधिकाऱ्याची असते. शिवाय हे पत्र आपल्याला आले आहे, हे कोणालाही सांगायचे नाही, अशी सक्ती त्यात लिहिलेली होती, आणि तिला मुदत नव्हती.

संस्थेचे कार्यकारी संचालक जॉर्ज ख्रिश्चन यांच्यापुढची अडचण नीट पाहण्यासारखी आहे. तो पत्ता कोणा एका माणसाचा नव्हता, ग्रंथालयाच्या जोडणीचा होता. पाच महिन्यांनंतर त्या पाऊण तासात कोणत्या खुर्चीवर कोण बसले होते हे सांगणे शक्यच नव्हते. म्हणजे मागणी पुरी करायची तर जो जो त्या ग्रंथालयात येत होता त्या सर्वांची माहिती द्यावी लागली असती. त्यांनी संस्थेच्या कार्यकारी समितीतल्या तिघांना बोलावले : ग्लास्टनबरीच्या बार्बरा बेली, प्लेनव्हिलचे पीटर चेस आणि पोर्टलंडच्या जॅनेट नोसेक. तिघेही आपापल्या गावचे ग्रंथपाल. चौघांनी मिळून ठरवले की पत्र पाळायचे नाही, न्यायालयात जायचे. नागरी स्वातंत्र्य संघाने, म्हणजे एसीएलयूने, त्यांचे वकीलपत्र घेतले आणि ऑगस्टमध्ये 'जॉन डो' या टोपणनावाने दावा दाखल झाला.

यापुढचा भाग वाचताना मला दर वेळी हसावे की रडावे कळत नाही. सुनावणी ब्रिजपोर्टच्या न्यायालयात होती; पण वादी तिथे दिसले तर ते कोण हे लोकांना कळेल, म्हणून त्यांना हार्टफर्डच्या न्यायालयातल्या एका कुलूपबंद खोलीत बसवून स्वतःचाच खटला दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दाखवण्यात आला. ९ सप्टेंबरला न्यायाधीश जॅनेट हॉल यांनी तोंडबंदी उठवावी असा निकाल दिला, पण सरकार अपिलात गेले आणि निकाल स्थगित राहिला. मध्यंतरी सरकारनेच काळी रेघ मारून दाखल केलेल्या कागदांत एका ठिकाणी संस्थेचे नाव झाकायचे राहून गेले आणि ते वर्तमानपत्रात छापूनही आले. तरी तोंडबंदी कायम! नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयात चौघे गेले तेव्हा वेगवेगळे आत जा, वेगवेगळे बसा, एकमेकांकडे पाहू नका, असे त्यांना बजावलेले होते.

याच काळात सरकारी वकील केव्हिन ओकॉनर राज्यभर सभा घेऊन सांगत होते की नव्या दहशतवादविरोधी कायद्याचा वापर ग्रंथालयांवर होत नाही. पीटर चेस हे राज्याच्या ग्रंथालय संघात बौद्धिक स्वातंत्र्याचे काम पाहणारे; त्यांना याच वकिलांबरोबर जाहीर चर्चेला बोलावणे आले होते, आणि ज्यांच्या हातात विरुद्ध पुरावा होता त्यांनाच ते नाकारावे लागले. मार्च २००६ मध्ये त्या कायद्याला संसदेने मुदतवाढ दिली. त्यानंतर काही आठवड्यांतच सरकारने तोंडबंदीचा आग्रह सोडला. ३० मे २००६ रोजी चौघे पहिल्यांदा पत्रकारांसमोर आले आणि जून संपण्याआधी एफबीआयने माहितीची मागणीही मागे घेतली. संसदेत वाद चालू असताना ज्यांचे ऐकायला हवे होते ते गप्प, आणि वाद मिटल्यावर ते बोलायला मोकळे. माझ्या मते या प्रकरणातला खरा अन्याय हा आहे, माहिती मागितली हा नव्हे.

आपल्याकडच्या, विशेषतः महाराष्ट्रातल्या ग्रंथालयांत याचा विचार होतो का, हे जाणकारांकडून समजून घ्यायला आवडेल.


दुसरी बाजू :

लेख मुद्देसूद आहे, पण मला त्यातल्या कळवळ्यात सहभागी होता येत नाही. ग्रंथालय हे लोकांच्या पैशावर चालणारे ठिकाण आहे. तिथल्या संगणकावरून कोणी धमकीचे पत्र धाडले तर ते कोणी धाडले हे शोधणे पोलिसांचे काम आहे आणि त्यांना मदत करणे आपले. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांची जबाबदारी घेणारा मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता, हे आपण विसरलो का? ज्याला लपवण्यासारखे काही नाही त्याला भिण्याचे कारण काय? तोंडबंदीबद्दल म्हणाल तर चौकशी चालू असताना संशयिताला आधी बातमी लागू नये, ही अपेक्षा गैर नाही.


पुस्तकपत्र :

दुसरी बाजू, आपण दिलेले उदाहरण चपखल आहे, पण ते माझ्या बाजूचे आहे. नवी मुंबईतला तो मेल ज्या घराच्या वायफायवरून गेला त्या घरात राहणाऱ्या माणसाने तो लिहिलेला नव्हता. तरी आधी संशय त्याच्यावर गेला, चौकशी त्याची झाली. पत्ता जागा सांगतो, माणूस सांगत नाही. कनेटिकटमध्ये हेच झाले असते, फक्त एका कुटुंबाच्या जागी अख्खे गाव असते.

आणि ग्रंथालये मदत करत नाहीत असे नाही. ती न्यायालयाचा आदेश मागतात. वॉशिंग्टन राज्यात डेमिंग नावाचे एक खेडे आहे. जून २००४ मध्ये तिथल्या छोट्या शाखेत एफबीआयचा माणूस आला. बिन लादेनच्या एका चरित्राच्या समासात कोणीतरी हाताने एक वाक्य लिहून ठेवले होते, ते वाचून एका वाचकाने एफबीआयला कळवले होते. हे पुस्तक आजवर ज्यांनी ज्यांनी नेले त्या सर्वांची नावे त्यांना हवी होती. समासातले ते वाक्य लादेनच्याच एका जुन्या मुलाखतीतल्या वाक्याशी जुळणारे होते, म्हणजे कोणीतरी वाचता वाचता टिपण केले असावे. पुढे समन्स आले, ग्रंथालयाच्या मंडळाने न्यायालयात विरोध करायचे ठरवले, आणि जुलैमध्ये समन्स मागे घेतले गेले. समासात पेन्सिलीने लिहिण्याची खोड आपल्यापैकी कितीजणांना आहे ते मी विचारत नाही.

तोंडबंदी काही आठवड्यांची असती तर मीही वाद घातला नसता. पण अमेरिकी न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी मार्च २००७ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २००३ ते २००५ या तीन वर्षांत अशा पत्रांतून १,४३,०७४ मागण्या केल्या गेल्या. त्यांतल्या किती जणांनी न्यायालयाची पायरी चढली हे बोटांवर मोजता येईल, कारण ज्याला वकिलाशी बोलावे की नाही याचीच धास्ती आहे तो लढणार कसा?


निवृत्त ग्रंथपाल :

नमस्कार. एका महाविद्यालयात आणि नंतर एका शहरातल्या सार्वजनिक वाचनालयात मिळून एकतीस वर्षे काम केले, म्हणून दोन शब्द लिहितो.

जुन्या लोकांना 'बी.टी.' आठवत असतील. वाचकाला त्याच्या नावाची तीन किंवा चार जाड कागदी तिकिटे मिळत. प्रत्येक तिकीट म्हणजे एक छोटा खिसाच. पुस्तकाच्या मलपृष्ठाच्या आत चिकटवलेल्या खिशात त्या पुस्तकाचे पत्र असे. पुस्तक देताना ते पत्र काढायचे, वाचकाच्या तिकिटात सरकवायचे, तारीखपट्टीवर शिक्का मारायचा आणि ती जोडी लाकडी पेटीत देय तारखेच्या मागे लावून ठेवायची. पुस्तक परत आले की पत्र पुस्तकात, तिकीट वाचकाच्या हातात. संपले. त्या व्यवहाराची एक रेघही मागे राहत नसे. तारीखपट्टीवर शिक्के दिसत, पण ते कोणाचे हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. ही ब्राउन पद्धत. हिच्या उलट नेवार्क पद्धतीत पुस्तकाच्या पत्रावर प्रत्येक वाचकाचा क्रमांक लिहिला जाई आणि तो तिथेच राही. पत्र भरेपर्यंत त्या पुस्तकाचे सगळे वाचक एकाखाली एक दिसत.

ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात आम्हाला या दोन पद्धतींची तुलना परीक्षेत हमखास यायची. वेळ किती लागतो, रांग किती होते, कोणाकडे किती पुस्तके आहेत हे कळते की नाही, असे गुणदोष आम्ही पाठ करत होतो. ब्राउन पद्धतीचा 'दोष' म्हणून आम्ही काय लिहीत असू? 'कायमस्वरूपी नोंद राहत नाही.' त्या वाक्याला मला पूर्ण गुण मिळाले आहेत!

आता एक गोष्ट, जी मी आजवर कोणाला सांगितली नाही. सार्वजनिक वाचनालयात आम्ही नोंदवही ठेवत होतो : तारीख, सभासद क्रमांक, दाखल क्रमांक, सही. एके दुपारी साध्या कपड्यांतले एक गृहस्थ आले, आपण कुठल्या खात्याचे ते त्यांनी सांगितले आणि अभ्यासिकेत बसणाऱ्या एका तरुणाचे नाव घेऊन विचारले की हा काय वाचतो. लेखी काही नव्हते. मी चहा मागवला आणि नोंदवही त्यांच्यापुढे फिरवली. त्यांनी त्या मुलाच्या क्रमांकावर बोट ठेवून पाने उलटत नेली आणि जवळपास अर्धा तास एका वहीत पुस्तकांची नावे उतरवून घेतली. मधेच त्यांनी मला एका नावाचा अर्थ विचारला; ते शेतीमालाच्या भावाविषयीचे पुस्तक होते. तो मुलगा नंतरही येत राहिला, रोज मला नमस्कार करत राहिला. त्याचे पुढे काही वाईट झाले असे मला माहीत नाही. पण त्याला मी कधी काही सांगितले नाही आणि मला तोंडबंदीही कोणी केलेली नव्हती.


काळा कोट :

निवृत्त ग्रंथपाल यांनी मोकळेपणाने लिहिले याबद्दल त्यांचे आभार. त्या दिवशी कायद्याने ते काय करू शकत होते, एवढेच सांगतो.

पोलिसांना कागदपत्र हवे असेल तर त्याचा मार्ग आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पूर्वी तोच फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ मध्ये होता. त्यानुसार न्यायालय समन्स काढू शकते किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो. म्हणजे आपल्याकडेही न्यायाधीशाची सही लागतेच असे नाही, आणि या बाबतीत अमेरिकेला नावे ठेवण्याआधी आपण आपले अंगण पाहावे. पण आदेश लेखी हवा, तो कोणत्या तपासासाठी आहे ते त्यात हवे, आणि 'हा काय वाचतो ते दाखवा' अशी तोंडी विचारणा हा आदेश नव्हे. ग्रंथपालाने 'कृपया लेखी द्या, मी अध्यक्षांसमोर ठेवतो' म्हटले तर त्यात कायद्याचा कोणताही भंग होत नाही. या कलमात तोंडबंदीची सक्तीही नाही.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये मिलर खटल्यात असे ठरवले की बँकेकडे गेलेल्या कागदांवर ग्राहकाचा गोपनीयतेचा हक्क उरत नाही, कारण ते त्याने स्वतःहून तिसऱ्याच्या हाती दिले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये कॅनरा बँकेच्या खटल्यात नेमकी ही भूमिका नाकारली. आंध्र प्रदेशातल्या मुद्रांक कायद्याच्या दुरुस्तीने जिल्हाधिकारी कोणालाही बँकेत जाऊन कागद तपासण्याचा अधिकार देऊ शकत होता. ती तरतूद न्यायालयाने रद्द केली आणि गोपनीयता ही जागेची नव्हे, माणसाची असते, असे म्हटले. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्यामुळे वाचनालयाच्या वहीत लिहिले गेले म्हणून वाचकाचा हक्क वहीत विरघळून जात नाही, असा युक्तिवाद आपल्याकडे नक्कीच करता येतो.

मात्र विशिष्ट कायदा नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ हा मुख्यतः संचालनालय, मान्यता, निधी आणि अनुदान यांचा कायदा आहे. वाचकाची गुप्तता हा त्या काळच्या विचारांतच नव्हता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाकडून फार आशा ठेवू नये. एक तर राज्याच्या अधिसूचित यंत्रणांना त्यातून सूट देण्याची तरतूद त्यातच आहे. दुसरे म्हणजे तो संगणकीय माहितीला लागू आहे. कागदावर लिहिलेली आणि कधीच संगणकात न गेलेली नोंदवही त्याच्या कक्षेबाहेर राहते. ज्या वहीवरून ते गृहस्थ बोट फिरवत होते ती आजही बाहेरच.

एक अवांतर : ऑगस्ट २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका खटल्याच्या सुनावणीत, झडतीत सापडलेल्या एका पुस्तकाच्या नावावरून देशभर गदारोळ उठला आणि आपण त्याच नावाच्या जगप्रसिद्ध कादंबरीबद्दल बोलत नव्हतो, ते वेगळेच पुस्तक आहे, असा खुलासा दुसऱ्या दिवशी न्यायालयाला करावा लागला. भर न्यायालयात बोललेल्या नावाचा असा घोळ होतो, तर नोंदवहीतल्या नुसत्या नावांच्या यादीवरून वाचकाचे मन ओळखू पाहणाऱ्याने काय काय अर्थ काढला असेल?


सचिव, वाचनालय :

मी एका तालुक्यातल्या 'ब' वर्ग वाचनालयाचा मानद सचिव आहे. धागा दोन दिवस वाचतो आहे. आमच्याकडे गेल्या वर्षीपासून कोहा ही मोफत संगणकप्रणाली चालू आहे, आणि काल सहज एका सभासदाचे पान उघडून पाहिले तर प्रणाली बसवल्या दिवसापासूनचे त्यांचे प्रत्येक पुस्तक तारखेनिशी दिसले. हे सभासद गावातले डॉक्टर आहेत, आणि त्यांच्या यादीतून त्यांच्या घरातल्या आजारपणाविषयी मला जे कळले ते मला कळायला नको होते. ही यादी पुसता येते का? आणि पुसली तर अनुदानाच्या तपासणीच्या वेळी अडचण येईल का? आमच्याकडे दोन संगणकांवर इंटरनेटही देतो, त्याची सही-वही वेगळी आहे.


मुक्तस्रोत :

सचिवसाहेब, पुसता येते. कोहाच्या प्रणाली-पसंतींमध्ये 'ओपॅक प्रायव्हसी' म्हणून एक पर्याय आहे. तो सुरू करण्याआधी एक नाममात्र सभासद तयार करा आणि त्याचा क्रमांक 'अनॉनिमस पेट्रन' या पसंतीत भरा. त्यानंतर परत आलेल्या पुस्तकाच्या नोंदीत खऱ्या सभासदाच्या जागी या नाममात्र सभासदाचा क्रमांक बसतो. प्रत्येक सभासदाला तीनपैकी एक निवडता येते : इतिहास कायम ठेवा, ठरावीक मुदतीपर्यंत ठेवा, किंवा पुस्तक परत करताच पुसा. मधला पर्याय वापरायचा असेल तर जुन्या नोंदी पुसणारी आज्ञा सर्व्हरवर रोज रात्री आपोआप चालेल अशी लावून द्यावी लागते; ती लावायची राहिली तर पसंती बदलूनही जुने तसेच पडून राहते, आणि बहुतेक ठिकाणी नेमके हेच राहून गेलेले मी पाहिले आहे.

पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. शेवटचा वाचक कोण होता ही नोंद पुस्तकाच्या मोडतोडीसाठी वेगळी ठेवण्याचा पर्याय असतो, तो बंद आहे का पाहा. आकडेवारीच्या तक्त्यातही प्रत्येक व्यवहारापुढे सभासदाचा क्रमांक असतो. आणि सर्वांत विसरली जाणारी जागा म्हणजे बॅकअप. प्रणालीतून आज पुसलेली यादी मागच्या महिन्याच्या बॅकअपमध्ये जशीच्या तशी असते. ती पेनड्राइव्हवर कोणाच्या खिशात आहे हे आधी शोधा. पुस्तक वाचकाकडे आहे तोवर नोंद हवीच, त्याला इलाज नाही. परत आल्यावर ती कशासाठी हवी, हे समितीला विचारा.

इंटरनेटच्या वहीबाबत काळा कोट यांनी सांगावे, कारण २०११ चे सायबर कॅफेचे नियम ओळखपत्र तपासून वर्षभर नोंद जपायला सांगतात.


काळा कोट :

त्या नियमांत सायबर कॅफेची व्याख्या 'व्यवसायाच्या नित्यक्रमात' लोकांना इंटरनेट देणारी जागा अशी आहे. सभासदांना मोफत संगणक देणारे वाचनालय त्यात बसते की नाही यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. सावधगिरी म्हणून वही ठेवत असाल तर नियमात सांगितले आहे तेवढेच लिहा, वर्षापलीकडे ठेवू नका, आणि ती टेबलावर उघडी पडू देऊ नका. पुढचा सही करणारा मागच्याचे नाव, पत्ता, फोन सगळे वाचतो. सरकारचे नंतर, आधी शेजाऱ्यापासून तरी जपा.


दुसरी बाजू :

मी अजूनही असे मानतो की गंभीर गुन्ह्याच्या तपासात ग्रंथालयाने आडकाठी करू नये. मात्र 'लपवण्यासारखे नसेल तर' हे वाक्य मी मागे घेतो. सचिवांनी डॉक्टरांचे उदाहरण दिले तेव्हा माझ्या लक्षात आले की गेल्या वर्षी आमच्या घरातल्या एका दुखण्यासाठी मीही तीन पुस्तके आणली होती, आणि ती कोणती हे मी इथे टोपणनावानेही लिहिणार नाही. प्रश्न एवढाच : नोंदच ठेवली नाही तर खऱ्या गुन्हेगारालाही अभय मिळते, याचे काय?


पुस्तकपत्र :

मिळते. हे नाकारण्यात अर्थ नाही. रस्त्यावरून चालणाऱ्या प्रत्येकाची आपण नोंद ठेवत नाही, त्याचाही फायदा चोराला मिळतोच.

आमच्या शेजारच्या न्यू हॅम्पशायरमधल्या लेबनन गावच्या किल्टन ग्रंथालयात २०१५ मध्ये नेमका हाच वाद झाला. त्या ग्रंथालयाने इंटरनेटवर ओळख झाकून वावरण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या टॉर जाळ्याचा एक दुवा आपल्या सर्व्हरवर चालवायला घेतला. केंद्रीय गृहसुरक्षा खात्याकडून स्थानिक पोलिसांना इशारा आला, पोलिसांनी ग्रंथालयाला कळवले आणि दुवा बंद झाला. सप्टेंबरमध्ये विश्वस्तांची बैठक भरली, गावकरी मोठ्या संख्येने आले, आणि त्यांचे म्हणणे ऐकून विश्वस्तांनी दुवा पुन्हा सुरू ठेवला. गुन्हेगार याचा गैरवापर करू शकतात हे तिथे कोणी नाकारले नाही. निर्णय दिल्लीतून म्हणा वा वॉशिंग्टनमधून, बंद पाकिटातून आला नाही. गावाच्या बैठकीत झाला, एवढाच फरक.

व्हरमाँटमधल्या एका ग्रंथपाल बाईंनी तोंडबंदीच्या काळात केलेली युक्तीही सांगण्यासारखी आहे. एफबीआय येऊन गेली हे सांगायला बंदी, पण आलेली नाही हे सांगायला बंदी नव्हती. म्हणून त्यांनी ग्रंथालयांत लावण्यासाठी पाट्या तयार केल्या : एफबीआय इथे आलेली नाही, ही पाटी निघते का, यावर लक्ष ठेवा.


निवृत्त ग्रंथपाल :

सचिवांच्या तपासणीच्या शंकेचे उत्तर राहून गेले. अनुदानाच्या तपासणीत देवघेव किती झाली हा आकडा लागतो, सभासदसंख्या लागते, वर्गणीचा हिशेब लागतो. अमुक माणसाने तमुक पुस्तक नेले, हे अधिकाऱ्याला कशालाच लागत नाही. रोजची देवघेव रोज संध्याकाळी आकड्यात मांडून त्यावर सही करा. तपासणी होईपर्यंत वही ठेवा, समितीत ठराव करा आणि मग ती नष्ट करा. ठराव आधी, वही नंतर. कोणाची मागणी आल्यावर ठराव केलात तर तो पुरावा नष्ट करण्याचा प्रकार होईल. काळा कोट सहमत होतील.


काळा कोट :

पूर्ण सहमत. लेखी मागणी एकदा हातात पडली की त्यातल्या कागदाला हात लावायचा नाही.


सचिव, वाचनालय :

सर्वांचे आभार. रविवारी कार्यकारिणीची सभा झाली. कोहामध्ये सभासदांची यादी तीस दिवसांनी पुसायची, इंटरनेटच्या वहीऐवजी एकेका माणसासाठी सुटा कागद ठेवायचा, आणि कोणत्याही चौकशीला 'लेखी द्या' हेच उत्तर द्यायचे, असे तीन ठराव झाले. तिसऱ्या ठरावाला एका सदस्यांनी विरोध केला. पोलिसांशी संबंध बिघडतील अशी त्यांना भीती आहे. ती नोंद इतिवृत्तात घेतली आहे.

माळ्यावर १९९४ पासूनच्या देवघेवीच्या नोंदवह्या निघाल्या. आमचे शिपाई म्हणाले की दर दिवाळीला जुन्या वह्या रद्दीत जात आणि मागे एकदा बसस्टँडवर घेतलेल्या भेळेच्या कागदावर त्यांनी आपल्याच वाचनालयाची सही-वही वाचली होती. त्यामुळे रद्दी हा पर्याय बाद. कागद कातरण्याचे यंत्र तालुक्याच्या एका पतसंस्थेकडे आहे, ते दोन दिवसांसाठी मिळते आहे. आणखी काही काळजी घ्यायला हवी का?


निवृत्त ग्रंथपाल :

एकच. त्याच माळ्यावर दाखल नोंदवह्याही असतील. आकाराने आणि पुठ्ठ्याने त्या सारख्याच दिसतात. कोणते पुस्तक केव्हा, कोणाकडून, किती किमतीला आले हे त्यांत असते आणि त्या वाचनालय आहे तोवर जपायच्या असतात. यंत्राजवळ स्वतः बसा आणि प्रत्येक वहीचे पहिले पान वाचल्याशिवाय ती आत घालू देऊ नका.